चपला घालूनच आत यावे

मिलिंदचा फोन आला तेव्हा मी काउंटरवर केसपेपर काढत होते. सोमवार, त्यामुळे बाकं भरलेली, कुणाचं मूल रडतंय, कुणाला एसटी गाठायची आहे म्हणून घाई. "काकू, आई गेली," तो म्हणाला. मी विचारलं, कधी. पहाटे, म्हणाला. मुंबईच्या त्या मोठ्या हॉस्पिटलात पाठीमागे कुणाच्या तरी नावाचा पुकारा चाललेला तेवढा ऐकू येत होता. मग म्हणाला, "दोन दिवस बरळत होती हो. सारखी चप्पल मागत होती. तिथले डॉक्टर म्हणाले, ऑपरेशननंतर या वयात असा भ्रम होतो." मी हं म्हटलं, फोन ठेवला आणि समोरच्या माणसाला नाव विचारलं. त्याने सांगितलं. मी परत विचारलं. तो बिचारा परत सांगत राहिला आणि माझ्या हातून काही लिहून होईना.

जाधवबाईंना भ्रम झाला हे माझ्या मनाला पटत नव्हतं. महिना उलटून गेला, अजून पटलेलं नाही.

सुनंदा जाधव हे त्यांचं नाव, पण रत्नागिरीत अर्धं गाव त्यांना बाईच म्हणायचं. मराठी शाळेत आयुष्य गेलं, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या. नवरा लवकर गेला, मिलिंद एकुलता, तो शिकून मुंबईला लागला. बाई कुवारबावला आपल्या घरात एकट्या. त्यांना साखरेचा विकार होता आणि त्या आमच्या दवाखान्यात यायच्या, ओळख म्हणायची तर एवढीच. आमचा दवाखाना म्हणजे माझ्या नवऱ्याचा. मी त्यांना घरातसुद्धा डॉक्टरच म्हणते, नाव काय ते लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. थोड्या खाटा, एक ऑपरेशनची खोली, समोर जांभ्याच्या चिऱ्यांचं फरसबंद अंगण, आणि अंगणाच्या टोकाला फाटकापाशी चपलांची मांडणी. पावसाळ्यात लाल मातीचे पाय घेऊन माणसं आत येत, लाद्यांचा नुसता चिखल होई, म्हणून डॉक्टरांनी फाटकावर पाटी लावली होती : 'चपला बाहेर काढून आत यावे.' पावसाळा सरला तरी पाटी तिथेच. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. देवळात काढतात तशा माणसं आमच्या फाटकात चपला काढत, काहीजण तर उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावत.

नव्याण्णव साली डॉक्टर पुण्याला कसल्याशा परिषदेला गेले आणि डोक्यात एक खूळ घेऊन परत आले. म्हणे दवाखाना चांगला चाललाय की नाही हे डॉक्टरने ठरवायचं नाही, पेशंटला विचारायचं. महिन्यातला एक सोमवार ठरला, संध्याकाळी ओपीडी आटपल्यावर. खुर्च्या गोल मांडल्या, मी पोहे केले. डॉक्टरांनी हात जोडून सांगितलं, आमचं काय चुकतं ते मोकळेपणी बोला. आणि काय सांगू, एकामागून एक माणूस उठून नुसती स्तुती. "तुमचा हातगुण, डॉक्टर." "आमचं काहीएक म्हणणं नाही." पोहे संपले, बैठक संपली, डॉक्टर खूश. मी डबे आवरून फाटकाशी गेले तर तीच माणसं चपला पायात सरकवताना कुजबुजत होती, की ड्रेसिंग करणारी सिस्टर पट्टी अशी ओढते की जीव जातो, आणि गोळ्या कुठल्या सकाळच्या कुठल्या रात्रीच्या ते कळत नाही. मी म्हटलं, अहो, मग हे आत का नाही बोललात? तर एक आजोबा म्हणाले, "छे हो वहिनी, डॉक्टरांना काय वाटेल." आपल्याकडची रीतच ही. नाक्यावर सरकार पाडतील, पण समोरासमोर कुणाचं मन मोडायचं नाही. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कुणी?

ती बाईंनी बांधली. पुढच्या बैठकीला त्या आल्या तेव्हा त्यांच्या उजव्या पायाची दोन बोटं काढून फार दिवस झाले नव्हते, आणि ती आमच्याच डॉक्टरांनी काढली होती. काठी टेकत आल्या, पाय स्टुलावर ठेवला, सगळ्यांची स्तुती ऐकून घेतली. मग शाळेत धडा सुरू करावा तशा शांत आवाजात म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. माझी बोटं तुमच्या अंगणात गेली."

 बाईंनी सगळं नीट सांगितलं. साखरेमुळे पायाची जाणीव गेलेली, काटा रुतला तरी कळत नाही. एप्रिलमधली दुपार, फाटकात चपला काढल्या, तापलेल्या चिऱ्यांवरून आत आल्या, परत जाताना औषधाच्या खिडकीपुढे उन्हात रांगेत उभ्या राहिल्या. बाकीची माणसं एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती, ह्या मात्र सरळ उभ्या, कारण ह्यांना काही कळतच नव्हतं. घरी जाऊन पाय धुताना फोड दिसला. फोडाची जखम झाली, जखम चिघळली.

डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. "अनवाणी चालू नका म्हणून मी तुम्हाला बजावलं नव्हतं?"

"बजावलं होतंत," बाई म्हणाल्या. "आत, टेबलापाशी. आणि बाहेर तुमचीच पाटी होती."

डॉक्टर उठले आणि आत निघून गेले. मी माणसांना चहा दिला, तो सगळ्यांनी खाली बघत घेतला. घरी आल्यावर डॉक्टर जेवले नाहीत. "ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं," एवढंच पुटपुटत होते. मी त्यांचं ताट झाकून ठेवलं, लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कधी गप्प बसायचं ते कळतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी काउंटरच्या खिडकीतून पाहिलं, तर हे गृहस्थ भर उन्हात बूटमोजे काढून अंगणातून चाललेत. फाटकापासून दारापर्यंत आले, मग औषधाच्या खिडकीपुढे जाऊन उभे राहिले. कंपाउंडर आतून बघतोय, साहेबांना झालंय काय. थोडा वेळ तग धरला, मग माणूस अक्षरशः उड्या मारायला लागला. आत येऊन बाकावर बसले, तळवे वर करून बघत राहिले. "तवा झालाय नुसता," म्हणाले. त्याच संध्याकाळी पाटी त्यांनी स्वतः उपटून काढली आणि मला घेऊन कुवारबावला गेले. बाईंच्या दारात ते सवयीने बूट काढायला वाकले. बाई आतून म्हणाल्या, "राहू देत डॉक्टर, घालूनच या. आमच्याकडे आता तीच पद्धत आहे."

नवीन पाटी बाईंनीच सांगितली तशी रंगवून घेतली : 'चपला घालूनच आत यावे.' पण पाटीने माणसं बदलतात थोडीच. कित्येकजण तरीही काढायचे. एक वयस्क गृहस्थ तर पाटी वाचून गोंधळले, बाहेर ठेवू नका म्हणतात म्हणजे आत न्यायच्या असं समजून चपला हातात घेऊन अनवाणी चालत आले. मला हसू आलं. बाई शेजारी बसल्या होत्या, त्यांना हसू आलं नाही. तो माणूस आत गेल्यावर त्या म्हणाल्या, "वहिनी, माझे आजोबा असेच जायचे. तुमच्या आळीतून. चपला हातात धरून." माझं हसू मावळलं. "वडील बौद्ध झाले आणि दुसऱ्या दिवशी मुद्दाम चपला वाजवत त्याच आळीतून गेले. आई रडत होती, हे मारून घेणार म्हणून. आणि त्यांची मुलगी मी, मास्तरीण... तुमच्या फाटकात दरवेळी आपणहून चपला काढत होते. देव सोडले हो आम्ही, पण डॉक्टर काही सुटला नाही." हे त्यांनी कडवटपणे सांगितलं नाही, म्हणून मला ते जास्त लागलं. आमच्या आळीतल्या कुणी मला हे आजवर सांगितलं नव्हतं.

त्यानंतर बैठकीला तोंड फुटलं. ड्रेसिंगच्या आधी पट्टी भिजवायची ठरलं, गोळ्यांच्या पुड्यांवर सूर्य आणि चंद्र काढायचं ठरलं, राजापूरकडच्या पेशंटना त्यांची परतीची गाडी पाहून नंबर द्यायचं ठरलं. पण बाईंनी लावलेली खरी सवय वेगळीच. नाटे गावची एक मासेवाली बाई होती, तिच्या साखरेच्या आकड्यावरून डॉक्टर तिला दरवेळी ओरडायचे. बैठकीत बाईंनी तिला विचारलं, तुला स्वतःला काय व्हायला हवंय गं? ती म्हणाली, "आकडा ऱ्हाऊ दे त्यांच्यापाशी. मला टोपली डोक्यावर घेऊन वाळूतनं वर चढता आलं पायजे. मधेच चक्कर येते नि माणसं हसतात." डॉक्टरांनी तिची औषधं पाहिली. ती उपाशीपोटी गोळी घेऊन किनाऱ्यावर जात होती, कारण भाकरी व्हायच्या आधी होडी लागायची. गोळीची वेळ बदलली, चक्कर थांबली. तेव्हापासून डॉक्टर नव्या पेशंटला नाडी बघायच्या आधी विचारायला लागले, "तुम्हाला काय हवंय?" माणसं आधी बावचळायची. बरं व्हायचंय, म्हणायची. बरं होऊन काय करायचंय, असं विचारलं की मग एकेक बाहेर यायचं. कुणाला उकिडवं बसून चूल फुंकायची असे, कुणाला गुहागरला लेकीकडे एकटं जायचं असे.

डॉक्टरांनी बाईंना विचारलं तेव्हा त्यांचं उत्तर तयार होतं. "मला माझ्या घरात, माझ्या पायाने दारापर्यंत जाऊन, आलेल्या माणसाला दार उघडता आलं पाहिजे. ते जमेनासं झालं की मग तुमचे उपाय पुरे."

मिरजेहून त्यांनी चपला करून आणल्या होत्या, मऊ रबराच्या, काळ्या, मागे पट्टा असलेल्या. बोटं नव्हती म्हणून उजवीत पुढे कापसाची गादी भरलेली. ह्या चपला त्या घरातही घालायच्या, स्वयंपाकघरातसुद्धा. एकदा आमच्याकडे आल्या तशाच थेट ओट्यापर्यंत आल्या. खोटं कशाला बोलू, मला कसंसंच झालं, लहानपणापासूनचं वळण आहे ते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "वहिनी, पाय धुतलेत आणि चपलाही धुतल्यात. तुमचे देव कुठल्या कोपऱ्यात आहेत तेवढं सांगा, तिकडे नाही जायची." आम्ही दोघी हसलो आणि त्या दिवसापासून त्या माझ्या झाल्या. बाजारात निघाल्या की माझ्यासाठी काही ना काही आणायच्या आणि मी केलेल्या आमटीला नावं ठेवून ती दोनदा घ्यायच्या.

पण चांगल्या गोष्टी गंजतात. दवाखान्यावर मजला चढला, माणसं वाढली, डॉक्टरांना श्वास घ्यायला फुरसत उरली नाही. बैठक एका महिन्यात चुकली, मग दोन महिन्यांत एक, मग पोहे खाण्यापुरती. 'तुम्हाला काय हवंय' हा प्रश्न डॉक्टर विचारायचे, पण लिहिता लिहिता, मान वर न करता. बाई मात्र सोमवार चुकवत नव्हत्या. एकदा आल्या तेव्हा दुसरं कुणीच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, आज राहू दे. बाई खुर्ची ओढून बसल्या. "मी पेशंट आहे, तुम्ही डॉक्टर आहात. झाली की बैठक." डॉक्टर वैतागले, बसले, आणि पाचव्या मिनिटाला फोन आला म्हणून उठले. बाई जाताना मला म्हणाल्या, "त्यांना ऐकायचं असतं हो, पण मुद्दाम बसवावं लागतं. मुलांचं असंच असतं." त्या दिवशी मला माझ्या नवऱ्याचा खरंच राग आला होता.

यंदा पावसाळ्याच्या अखेरीस बाईंच्या डाव्या पायाला जखम झाली. ह्या वेळी कुणाच्या अंगणात नाही, घरातच, कशाने ते कळलंही नाही. ताप चढला, पाऊल काळवंडलं. डॉक्टर म्हणाले, हे माझ्या हाताबाहेरचं आहे. मिलिंद गाडी घेऊन आला. निघण्याआधी बाईंनी गाडी दवाखान्याशी थांबवायला लावली. उतरता येत नव्हतं, मीच बाहेर गेले. तापाने डोळे लाल झाले होते, पण बोलणं स्वच्छ. "वहिनी, तिथे मला कुणी विचारणार नाही. तुम्ही मिलिंदला सांगा. पाऊल काढायचं तर काढा, पण मांडीपर्यंत कापून मला खाटेवर जगवत ठेवू नका. त्यापेक्षा घरी आणा." मिलिंद ड्रायव्हरच्या शेजारी बसला होता, त्याने ऐकलं. मी तरी त्याला बाजूला घेऊन परत सांगितलं. तो म्हणाला, "काकू, आई आहे ती माझी. डॉक्टर म्हणतील ते करायला नको का?" त्याचंही काय चुकलं म्हणायचं... आईला वाचवायला निघालेला मुलगा तो.

मुंबईहून चौथ्या दिवशी निरोप आला की पाय मांडीतून काढावा लागेल, नाहीतर विष अंगभर पसरेल. बाई नको म्हणत होत्या. तिथल्या डॉक्टरांनी मिलिंदला सांगितलं की तापात माणूस काहीही बोलतो, सही तुम्ही करा. मी आमच्या डॉक्टरांच्या मागे लागले, फोन करा म्हटलं. त्यांनी केला. पलीकडून विचारलं गेलं, तुम्ही पेशंटचे कोण? डॉक्टर म्हणाले, मी त्यांचा रत्नागिरीचा डॉक्टर, त्यांची इच्छा मला माहीत आहे. पलीकडचे थँक यू डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

मिलिंदने सही केली, पाय काढला. त्या संध्याकाळी आमचं भांडण झालं. मला वाटलं होतं डॉक्टर माझ्या बाजूने असतील. तर म्हणाले, "त्यांच्या जागी मी असतो तर मीही कापलाच असता. जीव वाचत असेल तर पाय काय धरून बसायचा?" मी म्हटलं, मग इतकी वर्षं विचारत कशाला होतात, काय हवंय म्हणून? टोपली नि चूल नि लेकीचं घर, तेवढ्यापुरतंच विचारायचं होतं का? जिथे उत्तर झेपत नाही तिथे प्रश्नच नाही?  मी ताट वाढलं, माझं मी जेवले आणि उठले. आज शांतपणे लिहितानाही मला ठरवता येत नाही. पाय नसता कापला तर बाई गेल्याच असत्या, घरी गेल्या असत्या. कापला आणि तरीही गेल्या, तिथे गेल्या. डॉक्टर चूक असं मी म्हणत नाही. पण कुणी त्यांच्या खाटेशी बसून विचारलं असतं आणि त्यांनी दिलेलं उत्तर उत्तर म्हणून धरलं असतं तर... ह्या तर-पाशीच मी रोज येऊन थांबते.

बाईंच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे गेलेल्या माणसासाठीच्या बौद्ध वंदनेला, आम्ही दोघं कुवारबावला गेलो. बाहेर पायऱ्यांवर चपलांचा हा ढीग, बाईंच्या घरी एवढ्या चपला बाहेर मी प्रथमच पाहिल्या. आत फोटोपुढे मेणबत्त्या, त्यांनी शिकवलेली माणसं, काहींचे केस पिकलेले. वंदना झाली, माणसं बोलली, पांगली. मग मिलिंदने कपाटाखालून एक प्लास्टिकची पिशवी काढली. हॉस्पिटलने परत दिलेलं सामान. चष्मा, साडी, आणि त्या काळ्या चपला. आयसीयूच्या दाराशी काढून घेतल्या होत्या.

"काकू," तो म्हणाला, "तुम्हाला फोनवर म्हटलं होतं ना, चप्पल मागत होती... मी तिला समजावत होतो, आई, चपला आत चालत नाहीत इथे. तर ती चिडायची. म्हणायची, दोन्ही कुठे मागतेय मी, उजवी दे. माझी उजवी तेवढी दे. मी डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले भ्रमच आहे." आणि बोलता बोलता तो थांबला. माझ्याकडे बघायला लागला.

डावा पाय गेलेला आहे हे जिला ठाऊक होतं, उरलेल्या पायाची चप्पल जी मागत होती, तिला भ्रम नव्हता. ती घरी निघाली होती, एवढंच.  हे बोलायची गरजच उरली नव्हती, मिलिंद पिशवी छातीशी धरून लहान मुलासारखा रडत होता. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. दारापाशी डॉक्टर उभे होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते आत आले, मिलिंदच्या समोर बसले आणि म्हणाले, "मीही सहीच करायला सांगितली असती, बाळा." आणि मग मिलिंदने पिशवी त्यांच्या हातात दिली.

त्या चपला आता डॉक्टरांच्या तपासणीच्या खोलीत आहेत. टेबलाखाली, पेशंट बसतो त्या बाजूला. गेलेल्या माणसाचं पायताण असं ठेवू नये म्हणून मला दोघीतिघींनी सांगून झालं. डावी अजून नव्यासारखी आहे, उजवीचं रबर एका बाजूने झिजून गेलंय, कारण बाई तो बोटं गेलेला पाय जरा ओढत टाकायच्या. सोमवारच्या बैठकीचं डॉक्टरांनी अजून नाव काढलेलं नाही आणि मीही विचारलेलं नाही. गर्दी असली की ते अजूनही मान खाली घालून लिहीत सुटतात. मग मी काहीतरी निमित्त काढून आत जाते आणि पायाने त्या चपला जरा पुढे सरकवते, त्यांच्या नजरेला पडतील एवढ्या.

परवा मी अशीच आत गेले होते. हर्णैकडची एक बाई समोर बसलेली, पायाला बँडेज. तिने खाली पाहिलं, बावरून आपले पाय आखडून घेतले आणि म्हणाली, "डॉक्टर, ह्या कुणाच्या चपला राहिल्यात?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "एका पेशंटच्या," म्हणाले. "घरी जायचंय त्यांना."